मेव्हनचं डिपेंडन्सी ॲनालाइज : 'अनयूज्ड' म्हटलं म्हणून लगेच काढू नका

गेली तीन वर्षं आमच्या जावा प्रोजेक्टवर मेव्हन या बिल्ड टूलच्या डिपेंडन्सी प्लगइनमधलं (डिपेंडन्सी म्हणजे आपला कोड ज्या बाहेरच्या लायब्ररीवर अवलंबून आहे ती) ॲनालाइज हे गोल, म्हणजे एक कमांड, वापरतोय आणि त्याबद्दल नीट लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण टीममध्ये जो कोणी नवीन येतो तो पहिल्या महिन्यात हे चालवतो, वॉर्निंगची हातभर यादी बघतो आणि पॉम, म्हणजे डिपेंडन्सींची यादी असलेली मेव्हनची फाइल, साफ करायला बसतो. मी पण तेच केलं होतं, त्याची गोष्ट खाली येईलच. आधी मत सांगतो: पाचपैकी साडेतीन स्टार. टूल चांगलं आहे, फुकट आहे, फास्ट आहे, पण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतं आणि त्या दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवलात तर प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकाच्या प्रत्यक्ष वापरात, मार खाल.

ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एमव्हीएन डिपेंडन्सी:ॲनालाइज अशी कमांड दिली की ते तुमचा कोड कंपाइल करतं, तयार झालेल्या क्लास फाइल्स (यांच्यात असतो तो कंपाइल झालेला कोड म्हणजे बाइटकोड) एएसएम या बाइटकोड वाचणाऱ्या लायब्ररीने उघडतं, त्यात कुठल्या कुठल्या क्लासची नावं आहेत ते गोळा करतं, ते क्लास कुठल्या जारमधले (जार म्हणजे लायब्ररीची बांधलेली फाइल) हे शोधतं आणि मग पॉममध्ये तुम्ही काय लिहिलंय त्याच्याशी ताडून बघतं. आणि दोन याद्या छापतं. पहिली 'यूज्ड अनडिक्लेर्ड', म्हणजे कोडमध्ये वापरताय पण पॉममध्ये लिहिलेलं नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी लायब्ररीच्या मागून आलंय. दुसरी 'अनयूज्ड डिक्लेर्ड', म्हणजे पॉममध्ये आहे पण कोडमध्ये कुठे दिसत नाही. बस एवढंच. ही सगळी तपासणी बाइटकोडवर होते, प्रोग्राम एकदाही चालवला जात नाही, हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पहिली यादी मला मनापासून आवडते. कारण तिथे टूलकडे पुरावा असतो, क्लास फाइलमध्ये ते नाव प्रत्यक्ष दिसलेलं असतं. आमच्याकडे कॉमन्स लँग या लायब्ररीचं स्ट्रिंगयूटिल्स चाळीसेक फाइल्समध्ये वापरलेलं होतं आणि पॉममध्ये कॉमन्स लँग कुठेच नव्हतं, एका रिपोर्टिंगच्या लायब्ररीसोबत ते गुपचूप येत होतं. त्या लायब्ररीचं पुढचं व्हर्जन घेतलं, त्यांनी कॉमन्स लँग काढून टाकलं होतं, आणि आमचं बिल्ड धाडकन पडलं. ती यादी आधी वाचली असती तर एका ओळीचं काम होतं. शिवाय मेव्हनचा नियम असा की एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन आली तर डिपेंडन्सींच्या झाडात जी आपल्या जवळ असेल ती घ्यायची, नवी कुठली जुनी कुठली हे बघायचं नाही. त्यामुळे मागून येणाऱ्या गोष्टीचं व्हर्जन कधी बदलेल हे तुमच्या हातात राहत नाही. जे वापरताय ते स्वतःच्या पॉममध्ये स्वतःच्या नावाने लिहा, हा या टूलचा आग्रह मला शंभर टक्के पटतो. (स्प्रिंग बूट वापरणाऱ्यांनी मात्र थांबा, तुमचा विषय वेगळा आहे, खाली सांगतो.)

आता दुसरी यादी. इथे टूल म्हणतंय 'मला दिसलं नाही', आणि आपण वाचतो 'कोणी वापरत नाही'. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्लगइनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, त्यांनी लपवलेलं नाही: तपासणी बाइटकोडवर होते, म्हणून कॉन्स्टंट, फक्त सोर्सपुरत्या असणाऱ्या ॲनोटेशन (कोडवर @ लावून केलेल्या खुणा) आणि जावाडॉकमधल्या, म्हणजे माहितीच्या कॉमेंटमधल्या, लिंक पकडल्या जात नाहीत, आणि त्या लायब्ररीचा तेवढाच वापर असेल तर उत्तर चुकू शकतं. कॉन्स्टंटचं असं की दुसऱ्या जारमधली एखादी स्टॅटिक फायनल स्ट्रिंग किंवा आकडा तुम्ही वापरला तर जावा कंपायलर ती किंमतच उचलून तुमच्या क्लासमध्ये चिकटवतो, त्या मूळ क्लासकडे जायची गरजच उरत नाही. मग टूलला धागा सापडणार कसा? तुम्ही ती जार काढली की मात्र पुढच्या कंपाइललाच एरर, कारण सोर्सला ती लागतेच. लॉम्बॉक या साचेबद्ध कोड आपोआप बनवणाऱ्या लायब्ररीचं तसंच. त्याच्या गेटर, डेटा वगैरे ॲनोटेशन कंपाइल होईपर्यंत जगतात आणि क्लास फाइलमध्ये पोहोचतच नाहीत, म्हणून लॉम्बॉक 'अनयूज्ड' दिसतं. हे दोन प्रकार त्यातल्या त्यात बरे, कारण काढल्या काढल्या बिल्ड पडतं आणि दोन मिनिटांत चूक कळते.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या स्टार्टरबद्दल तर इतक्या जणांनी विचारलंय. स्टार्टर वेब ही जार आतून जवळपास रिकामी असते, तिचं काम फक्त बाकीच्या जारांची गाठोडी बांधून आणणं. म्हणून ॲनालाइज म्हणतं स्टार्टर अनयूज्ड, आणि त्याच दमात म्हणतं स्प्रिंग वेब, स्प्रिंग कॉन्टेक्स्ट, स्प्रिंग बीन्स हे सगळं अनडिक्लेर्ड. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण त्याचं ऐकलंत तर स्टार्टरचा सगळा उद्देशच मोडतो, पॉम तिप्पट होतो, आणि टॉमकॅट (वेब सर्व्हर), जॅक्सन (जेसनची लायब्ररी) हे जे स्टार्टरच्या पोटातून येतात आणि तुमच्या कोडमध्ये ज्यांचं नावही नसतं ते निघून जातं. बूटच्या प्रोजेक्टवर हे टूल चालवायचं असेल तर स्टार्टर्स दुर्लक्षाच्या यादीत टाकूनच चालवा.

खरी भीती तिसऱ्या प्रकाराची, जो कंपाइलला कळत नाही आणि टेस्टलाही कळत नाही. डेटाबेसचा ड्रायव्हर बघा. जावा ६ बरोबर जेडीबीसी ४ (जावाची डेटाबेसशी बोलायची पद्धत) आलं तेव्हापासून ड्रायव्हर लोड करायला क्लास डॉट फॉरनेम लिहायचीही गरज राहिली नाही, जारमध्ये मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल असते, तिच्यात ड्रायव्हरच्या क्लासचं नाव असतं, जावाचा सर्व्हिसलोडर ती वाचतो आणि ड्रायव्हर जोडतो. तुमच्या कोडमध्ये फक्त एक यूआरएल, तीही प्रॉपर्टीज फाइलमध्ये. बाइटकोडमध्ये पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) हा शब्द औषधालाही सापडणार नाही. लॉगिंगचं पण तसंच, कोड बोलतो एसएलएफ४जे या मधल्या इंटरफेसशी, प्रत्यक्ष लिहिणारा लॉगबॅक. लॉगबॅक 'अनयूज्ड' म्हणून काढलात तर ॲप्लिकेशन झकास चालतं, सुरुवातीला कन्सोलवर दोन-तीन ओळींची सूचना येते की लिहिणारं कोणी सापडलं नाही, आणि त्यानंतर लॉग फाइल रिकामी. काही पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ज्या दिवशी लॉगची खरी गरज लागते त्या दिवशी कळतं. जॅक्सन २ चं जावा ८ तारखांचं मॉड्यूल असंच शोधून जोडलं जातं, ते गेलं की लोकलडेट (जावाचा तारखेचा क्लास) असलेला पहिला रिस्पॉन्स तयार होताना एक्सेप्शन.

आता आमची गोष्ट. प्लगइनच्या नव्या व्हर्जनमध्ये तिसरी यादी पण येते, तिचा अर्थ असा की ही डिपेंडन्सी फक्त टेस्टच्या कोडमध्ये वापरलेली दिसते तरी स्कोप (डिपेंडन्सी कुठे कुठे लागते ते सांगणारी पॉममधली सेटिंग) टेस्टचा नाही. आमच्याकडे त्या यादीत पोस्टग्रेसचा ड्रायव्हर आला. का आला, तर मेन कोडमध्ये त्याचं नाव कुठेच नव्हतं, वर सांगितलं तसं, पण एका इंटिग्रेशन टेस्टमध्ये कोणीतरी ड्रायव्हरमधला डेटासोर्सचा क्लास थेट इंपोर्ट केला होता. टूलच्या नजरेतून बघितलं तर निष्कर्ष अगदी सरळ होता, टेस्टमध्ये दिसतोय आणि मेनमध्ये नाही म्हणजे टेस्टपुरता. मी स्कोप टेस्ट केला. बिल्ड हिरवं. सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि हे नीट समजून घ्या, त्या हिरव्याच होणार होत्या, कारण टेस्ट चालताना टेस्ट स्कोपच्या सगळ्या जार क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधतं त्या यादीत) असतातच, म्हणजे जी चूक मी केली ती पकडणं टेस्टना शक्यच नव्हतं. रिव्ह्यूमध्ये पण सगळ्यांनी बघून मान डोलावली, पॉम बारीक झाला म्हणून बरंच वाटलं.

स्टेजिंगलाही (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) चाललं. का? तिथल्या टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये कधीकाळी कोणीतरी ड्रायव्हरची जार हाताने टाकून ठेवली होती. प्रॉडक्शनचा कंटेनर नवा, स्वच्छ, तिथे ती नव्हती. गुरुवारी संध्याकाळी डिप्लॉय केलं आणि पहिल्याच कनेक्शनला 'नो सुटेबल ड्रायव्हर'. मागचं व्हर्जन परत चढवायला पंचवीस मिनिटं गेली, त्या पंचवीस मिनिटांत क्लायंटचे काउंटर बंद होते, तिथे लोक रांगेत उभे होते, आणि ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं. टूलने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही, ते जेवढं बघतं तेवढं त्याने बरोबर सांगितलं. चूक माझी, की तो रिपोर्ट मी निकाल म्हणून वाचला.

याच जातीचं दुसरं टूल म्हणजे जेडेप्स, क्लास फाइल वाचून कोड कशावर अवलंबून आहे ते सांगणारं, जे जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) ८ पासून जावाबरोबरच मिळतं. त्याच्यावर पण दोन परिच्छेद लिहितो कारण मराठीत सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हा खड्डा हमखास लागेल. जावा ९ पासून जेलिंक या टूलने आपल्याला हवी तेवढीच मॉड्यूल्स (जावाचे सुटे भाग) घेऊन छोटं रनटाइम बनवता येतं, आणि कुठली मॉड्यूल्स हवीत ते जेडेप्सला विचारायचं अशी सर्रास पद्धत आहे. एका पतसंस्थेसाठी पावत्या छापणारं छोटं डेस्कटॉप ॲप होतं, त्याचं इन्स्टॉलर हलकं करायचं म्हणून आम्ही हेच केलं. जेडेप्सने यादी दिली, जेलिंकने रनटाइम बनवलं, साइज मस्त कमी झाली, ॲप सुरू झालं. आणि पावतीवर महिन्याचं मराठी नाव येईना. आमच्या कोडमध्ये काहीच बदल नव्हता! दीड दिवस आम्ही फॉन्ट आणि एन्कोडिंग तपासत बसलो.

कारण असं निघालं की अमेरिकन इंग्रजी सोडून बाकी भाषांचा डेटा, मराठी धरून, जेडीके डॉट लोकेलडेटा या वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतो. आपला कोड फक्त जावा डॉट टाइमचे क्लास वापरतो आणि ते मूळ बेस मॉड्यूलमध्येच आहेत, भाषेचा डेटा मागून सर्व्हिस म्हणून जोडला जातो, त्यामुळे क्लास फाइल वाचणाऱ्या जेडेप्सला त्याचा पत्ताच लागत नाही. ते मॉड्यूल हाताने ॲड केलं, आणि जेलिंकच्या इन्क्लूड-लोकेल्स या ऑप्शनमध्ये इंग्रजी आणि मराठी तेवढं ठेवलं म्हणजे बाकीच्या भाषांचं ओझं नको, की झालं. अगदी असाच किस्सा एचटीटीपीएसचा, एलिप्टिक कर्व्हची क्रिप्टोग्राफी वेगळ्या मॉड्यूलमध्ये होती, ते राहून गेलं की हँडशेक (सुरक्षित कनेक्शनची सुरुवात) फेल, एररमध्ये मॉड्यूलचा उल्लेखही नाही. जेडीके २२ पासून तो भाग बेस मॉड्यूलमध्येच आणलाय त्यामुळे नव्यांना हा त्रास नाही, पण जेडीके १७ किंवा २१ वर असाल तर लक्ष ठेवा. मराठी महिन्यांचं मात्र आजही स्वतःच बघावं लागतं, आणि ज्या टीममध्ये कोणी मराठी लोकेल टेस्टच करत नाही तिथे हे ग्राहकाच्या हातात पावती पडेपर्यंत कळणार नाही.

ॲनालाइजचं भावंड डिपेंडन्सी ट्री, म्हणजे सगळ्या डिपेंडन्सींचं झाड छापणारी कमांड, त्याबद्दल पण थोडं. सगळे त्याला एक्स-रे समजतात, पण ते पॉममध्ये काय लिहिलंय ते दाखवतं, जारच्या आत काय भरलंय ते बघत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लॉगिंगच्या लायब्ररीतलं लॉग४शेल हे सुरक्षेचं भोक बाहेर आलं, तेव्हा ते सगळ्यांनाच कळलं. ट्रीमध्ये लॉग४जे कोअर शोधलं, नाही दिसलं, सुटलो म्हणून श्वास सोडला, आणि मग लक्षात आलं की एखाद्या तिसऱ्या लायब्ररीने लॉग४जे शेड करून स्वतःच्याच जारमध्ये भरलेलं असू शकतं. शेड प्लगइन तर एक कमी केलेला पॉम बनवतं ज्यातून आत भरलेल्या डिपेंडन्सीज काढून टाकलेल्या असतात, त्यामुळे तुमच्या ट्रीमध्ये त्या दिसायचं कारणच नाही. म्हणून त्या दिवसांत लोक थेट जारच्या पोटात जेएनडीआयलुकअप नावाची, भोकाचं मूळ असलेली क्लास फाइल शोधत बसले होते. आणि उलट बाजूनेही गोंधळ होता, भोक होतं लॉग४जे कोअरमध्ये, पण नावावरून जुळवणारे स्कॅनर लॉग४जे एपीआय नुसतं असलं तरी लाल दिवा लावत होते. २.१५, मग २.१६, मग २.१७ अशी एकामागून एक व्हर्जन येत होती आणि आम्ही रात्री बसून जार उघडून बघत होतो.

बाकी भाषांत काय चित्र आहे, तर पायथनमध्ये वेगळीच अडचण, पॅकेजचं नाव एक आणि इंपोर्टचं दुसरं. पिलो इन्स्टॉल करायचं आणि पीआयएल इंपोर्ट करायचं, ब्यूटिफुलसूप४ इन्स्टॉल करायचं आणि बीएस४ इंपोर्ट करायचं, म्हणजे टूलला आधी नावांचीच जुळवाजुळव. गोमध्ये मात्र मला हेवा वाटतो. तिथे डेटाबेसचा ड्रायव्हर नुसता जोडायचा असला तरी कोडमध्ये अंडरस्कोर लावून त्याचा इंपोर्ट लिहावाच लागतो, त्यामुळे गो मॉड टायडी या साफसफाईच्या कमांडला तो दिसतो. तिथे भाषेनेच रनटाइमचं नातं सोर्समध्ये लिहायला लावलंय. जावात ते नातं टेक्स्ट फाइलमध्ये, प्रॉपर्टीजमध्ये, एक्सएमएलमध्ये विखुरलेलं असतं, तर त्याला ॲनालाइज तरी काय करणार.

मग चालवून बघणारी टूल्स का नाही वापरत, असं एकाने विचारलं. वापरतो ना. जावाला व्हर्बोज क्लास हा ऑप्शन देऊन ॲप चालवलं की कुठला क्लास कुठल्या जारमधून लोड झाला ते सगळं छापून येतं, संशयित जारचं नाव त्यात शोधायचं. सापडलं तर विषय संपला, ती जार लागतेच. पण नाही सापडलं तर? तर एवढंच कळलं की आज जे चालवलं त्यात ती लागली नाही. आमच्याकडे एक रिपोर्ट आहे जो फक्त ३१ मार्चला चालतो, त्याची एक्सेल बनवणारी लायब्ररी वर्षभर कुठल्याच लॉगमध्ये दिसत नाही. ग्राल व्हीएम (जावाचं ॲप थेट नेटिव्ह प्रोग्राम बनवणारं टूल) याचा एजंटही असाच, जो रस्ता तुम्ही चाललात त्याचीच नोंद ठेवतो.

आता आम्ही कसं वापरतो ते सांगतो, कारण सोडून दिलेलं नाही. सीआयमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड करणारी व्यवस्था) ॲनालाइज-ओन्ली लावलंय, ॲनालाइज नाही, कारण साधं ॲनालाइज कंपाइलचं काम परत एकदा करायला लावतं आणि बिल्डचा वेळ फुकट जातो. वॉर्निंग आली की बिल्ड पाडणारी फेलऑनवॉर्निंग ही सेटिंग चालू आहे, त्यामुळे पहिल्या यादीत काही आलं की बिल्ड पडतं आणि त्याच दिवशी दुरुस्त होतं. दुसऱ्या यादीतल्या ज्या नोंदी खोट्या हे माहीत आहे, म्हणजे ड्रायव्हर, लॉगबॅक, लॉम्बॉक वगैरे, त्या दुर्लक्षाच्या यादीत, आणि प्रत्येक ओळीच्या वर एक कॉमेंट: ही का लागते, कोण लोड करतं, काढली तर काय तुटेल. ड्रायव्हरचा स्कोप आता रनटाइम आहे, जो पहिल्यापासून असायला हवा होता. प्लगइनमध्ये इग्नोर-नॉन-कंपाइल अशी सेटिंग आहे, ती लावली की रनटाइम, प्रोव्हायडेड, टेस्ट स्कोपच्या गोष्टींवर 'अनयूज्ड'ची ओरड होत नाही, म्हणजे स्कोप नीट लिहिले तर खोट्या वॉर्निंगपैकी अर्ध्या अशाच जातात. आणि कुठलीही डिपेंडन्सी काढली की तयार झालेली वॉर फाइल (वेब ॲपचं डिप्लॉय करायचं गाठोडं) रिकाम्या कंटेनरमध्ये उचलून एक कनेक्शन, एक लॉगची ओळ, एक तारीख असलेला रिस्पॉन्स आणि एक मराठी पावती एवढं करून बघतो. टॉमकॅटच्या लिबमधली ती जुनी जार अर्थातच काढून टाकली.

दीड स्टार का कापला, तर आउटपुटच्या भाषेमुळे. डॉक्युमेंटेशनमध्ये जी मर्यादा लिहिलीये ती वॉर्निंगच्या शेजारी छापायला काय हरकत होती? 'अनयूज्ड' ऐवजी 'बाइटकोडमध्ये दिसली नाही' एवढं जरी लिहिलं असतं तरी मी त्या गुरुवारी वेगळा विचार केला असता असं मला वाटतं. शिवाय जारमध्ये सर्व्हिसेसचं फोल्डर आहे का हे टूलला सहज बघता येईल, आणि असेल तर त्या नोंदीपुढे तशी खूण करता येईल, फार मोठं काम नाही ते.

सध्या आमच्या दुर्लक्षाच्या यादीत दोन नोंदी अशा उरल्यात की ज्यांच्यावर कॉमेंट नाही आणि त्या कशासाठी टाकल्या हे टीममध्ये कोणालाच आठवत नाही. एक जुनी एक्सएमएलची लायब्ररी आहे आणि एक मेल पाठवायची. त्यांना ३१ मार्चचा रिपोर्ट होऊन जाईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलंय, त्यानंतर रिकाम्या कंटेनरमध्ये एकेक काढून बघू.